अजून एक येतंय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाटबंधारे खात्यात असताना १९७८ साली मला वर्षभराच्या शिक्षणासाठी हॉलंडला जायला मिळालं. डेल्फ्ट या गावात जलअभियांत्रिकीची आंतरराष्ट्रीय संस्था १९५७ पासून आहे. आपल्याकडचे बरेच अभियंते तिथं शिकून आलेत. मी एका साठीच्या विधवा बाईंच्या घरी माडीवर खोली घेतली होती. बाईंना जुळे मुलगे. दोघंही दर रविवारी अकराच्या कॉफीला येत. थोरल्याला बाई नावानं हाक मारत. धाकट्याला मात्र ‘छोट्या’. हा छोट्या सहा फुटांहून उंच, तिशी ओलांडलेला, आणि भावापेक्षा लहान तो जेमतेम वीस मिनिटांनी. मला वाटलं, शेंडेफळाचे लाड. खरं कारण हिवाळ्यात कळलं.

तो हिवाळा जोरदार होता. एका रात्री स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळ बसलो असताना बाई म्हणाल्या, ‘ही मुलं झाली तेव्हाही अशीच थंडी होती.’ आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

१९४७ चा फेब्रुवारी. युरोपभर कडाक्याचा हिवाळा. उत्तरेच्या फ्रीसलंड प्रांतात कालवे इतके गोठले होते, की ८ तारखेला अकरा शहरांना जोडणारी, सुमारे दोनशे किलोमीटरची बर्फावरची शर्यत झाली. त्याच आठवड्यात बाईंना कळा सुरू झाल्या. बाळंतपण अर्थातच घरी. श्रीमंत युरोपात बाळंतपण म्हणजे इस्पितळ, अशी आपली समजूत असते. पण हॉलंडमध्ये घरच्या बाळंतपणाची परंपरा भक्कम आहे. तिथल्या सुइणी रीतसर शिकलेल्या असतात. १८६५ च्या कायद्यानं त्यांना सरळ बाळंतपण करायची मुभा दिली; गुंतागुंत दिसली की डॉक्टरला बोलवायचं. पलंग उंच करायला पायांखाली ठेवायचे लाकडी ठोकळे ‘हिरवा क्रॉस’ या संस्थेकडून उसने मिळत, कारण वाकून वाकून सुइणीची पाठ जाई.

पोटात दोन बाळं आहेत हे आधी कसं कळलं नाही, असं मी विचारलंच. पण सोनोग्राफी तेव्हा नव्हती. ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांचा त्यावरचा पहिला महत्त्वाचा लेख १९५८ चा. सुईण लाकडी नळी पोटाला लावून ठोके ऐकायची. एका बाळाआड दुसरं असलं तर ते सहज निसटे. ‘आणि पोट मोठं दिसत होतं म्हणावं,’ बाई म्हणाल्या, ‘तर अंगात लोकरीचे तीन थर. त्याखाली कुणाचं काय कळणार?’ जुळं साधारण ऐंशी-नव्वद बाळंतपणांत एकदा होतं. त्या काळात बऱ्याच घरांत ते असं न सांगताच आलं असणार.

मुलगा झाला. वडिलांनी तो हातात घेतला. सुईण पोटावर हात ठेवून क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, ‘अजून एक येतंय.’ नवरा हसला. थट्टा वाटली त्याला. तो हसतोय तोवर तिनं त्याला डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टर सायकल हातात धरून बर्फातून चालत पोचले, तेव्हा दुसराही मुलगा झालेला होता.

आणि मग, बाई म्हणाल्या, आनंदाच्या आधी हिशेब सुरू झाला. पाळणा एक. लंगोट एका बाळापुरते. गरम पाण्याची धातूची बाटली एक. कापड कुपनावर, साखर कुपनावर, कोळसा मिळेल तसा. राहायला दोनच खोल्या, त्याही दुसऱ्याच्या घरात, कारण युद्धात घरं पडली होती आणि नवी उभी राहत नव्हती. त्यात बाळंच बाळं! देश मे १९४५ मध्ये मुक्त झाला, आणि १९४६ या एका वर्षात, जेमतेम ९३ लाख वस्तीच्या या देशात, दोन लाख ८४ हजार मुलं जन्मली. इतकी मुलं तिथं एका वर्षात ना आधी झाली होती, ना नंतर झाली. बाळाच्या कपड्यांना तोटा पडेल नाही तर काय!

‘पण तुमच्याकडे पहिल्यापासून एक तरी पाळणा होताच ना?’ असं मी सहज म्हणालो, आणि बाई थांबल्या.

होता. त्यांचं पहिलं मूल, मुलगाच, जानेवारी १९४५ मध्ये झालं होतं. त्या हिवाळ्याला डच माणसं ‘भुकेचा हिवाळा’ म्हणतात. सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनमधल्या डच सरकारच्या हाकेवरून रेल्वे कामगारांनी संप केला. चिडलेल्या जर्मनांनी पश्चिम भागात अन्न जाणं बंद केलं. पुढं बंदी सैल झाली, तोवर कालवे गोठले. माणशी हजार उष्मांकांचं रेशन उतरत उतरत पाचशेवर आलं. लोकांनी बीट उकडून खाल्लं, ट्यूलिपचे कंद खाल्ले. सुमारे वीस हजार माणसं गेली. शवपेट्यांसाठी फळकुटं मिळेनात, इतकी अवस्था. डॉक्टरांनी पुढं अनेक वर्षं त्या हिवाळ्यातल्या गरोदरपणांचा अभ्यास केला. रेशनच्या आणि प्रसूतिगृहांच्या नोंदी नीट राहिल्यामुळे तो जमला. बाईंचं मूल त्या अभ्यासात आलं नसणार. ते पाच आठवडे जगलं. अंगावर दूधच नव्हतं. त्यानंतर महिनाभरानं घरातलं जळण संपलं आणि नवऱ्यानं पाळणा फोडून शेगडीत घातला. ‘मीच घाल म्हटलं,’ बाई म्हणाल्या.

जुळ्यांसाठी दुसरा पाळणा आला, तो समोरच्या दारातून. त्याचं महत्त्व कळायला तिथला समाज थोडा समजून घ्यायला हवा. प्रोटेस्टंटांच्या शाळा वेगळ्या, कॅथलिकांच्या वेगळ्या, समाजवाद्यांची वर्तमानपत्रं वेगळी. रेडिओच्या संस्थासुद्धा ज्याच्या त्याच्या! लोक पाव घेत तोही आपल्या पंथाच्या बेकरीतून. हिरव्या क्रॉससारखी कॅथलिकांची संस्थाही निराळी होती. आपल्याला हे सांगायला नको, जातवार आळ्या आपण पाहिल्यात. बाई प्रोटेस्टंट, समोरची कॅथलिक, सात लेकरांची आई. दोन वर्षं एका जिन्यावर राहून दोघींत ‘शुभ सकाळ’पलीकडे बोलणं नव्हतं. तिनं दार वाजवलं, पाळणा आत ठेवला, त्यात धुऊन घडी केलेले लंगोट होते. ‘सातव्याचे आहेत, मऊ झालेत,’ एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी ती साखरेत घोळवलेली बडीशेपही घेऊन आली. बाळ झालं की डच लोक कडक टोस्टवर लोणी लावून हे गोड दाणे पसरतात आणि पाहुण्यांना देतात. देठाच्या शेपटीमुळे त्या दाण्यांना ‘छोटे उंदीर’ म्हणतात. या बडीशेपेनं आईला दूध येतं, अशी जुनी समजूत. आपल्या बाळंतशोपा आठवल्याशिवाय राहतात का?

राहिली नावं. बापानं तीन दिवसांत नगरपालिकेत जन्म नोंदवायचा, मग त्या कागदावर बाळाचं रेशनचं कार्ड मिळायचं. मुलगा झाला तर आजोबांचं नाव, मुलगी झाली तर आजीचं, असं ठरलेलं होतं. दुसऱ्या मुलाचं नाव कुणी ठरवलंच नव्हतं, आणि बाईंना त्या दिवसांत ताप होता. कारकुनानं टाक दौतीत बुडवून विचारलं, ‘आणि दुसऱ्याचं?’ मागं बापांची रांग. तिथं जुनी रीत अशी, की गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला द्यायचं. बाईंनी ते करायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं, पण नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्यानं ते नाव दिलं.

बाईंना कळलं ते दोन्ही कार्डं हातात आल्यावर. दुसऱ्या कार्डावर ते नाव, ताज्या शाईत. आठवडाभर त्यांनी नवऱ्याशी शब्द काढला नाही. बाळाला मात्र आपलं ‘छोट्या’ म्हणायला लागल्या. ‘पण दुकानात दर आठवड्याला ते कार्ड मलाच पुढं करावं लागे,’ त्या म्हणाल्या. ‘आणि दुकानदार नाव मोठ्यानं वाचायचा.’ एकेक वस्तू रेशनमधून सुटत गेली. शेवटची सुटली कॉफी, जानेवारी १९५२ मध्ये. मुलं पाच वर्षांची व्हायला आली होती.

त्यानंतरच्या रविवारी नेहमीप्रमाणे दोघं आले. कॉफी झाली. धाकटा आधी निघाला. रस्त्यावर बर्फाचा गुळगुळीत थर होता, आणि तो सायकलवर टांग टाकायला लागला. बाई दारापर्यंत धावल्या आणि त्यांनी त्याला हाक मारली. ‘छोट्या’ नव्हे. ते नाव.

त्यानं ऐकलं की नाही, कोण जाणे. कानांवर टोपी होती. कोपऱ्यापर्यंत तो सायकल हातात धरून गेला. बाईंनी दार लावलं आणि विचारलं, कॉफी अजून एक कप घेणार का.