फाबेर्जे अंडी

फाबेर्जे अंडी ही रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील फाबेर्जे या जवाहिऱ्यांच्या पेढीत घडवलेली रत्नजडित शोभेची अंडी होत. पीटर कार्ल फाबेर्जे (१८४६–१९२०) यांच्या देखरेखीखाली १८८५ ते १९१६ या काळात रशियन राजघराण्यासाठी अशी ५० अंडी तयार झाली. ती 'शाही अंडी' म्हणून ओळखली जातात.

इतिहास

ईस्टरच्या सणाला परस्परांना अंडी भेट देण्याची प्रथा ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांमध्ये आहे. त्यानुसार १८८५ साली झार तिसरा अलेक्झांडर याने पत्नी मारिया फ्योदोरोव्हना हिच्यासाठी पहिले अंडे करवून घेतले. पांढऱ्या मीन्याच्या कवचात सोन्याचा बलक आणि बलकात सोन्याची कोंबडी, अशी त्याची रचना होती. तेव्हापासून दरवर्षी एक अंडे तयार होऊ लागले. आत काहीतरी अनपेक्षित वस्तू असावी, हा दंडक प्रत्येक अंड्यात पाळला गेला. दुसरा निकोलस याने १८९५ पासून आई व पत्नी यांच्यासाठी वर्षाला दोन अंडी करवून घेतली. रशिया-जपान युद्धामुळे १९०४ व १९०५ मध्ये हे काम बंद होते.

कारागिरी

अंड्यांची घडण एकट्या फाबेर्जे यांच्या हातची नव्हती. संकल्पचित्रकार, सोनार, मीनाकार, रत्ने जडवणारे अशा अनेकांचे श्रम प्रत्येक अंड्यामागे असत. मिखाईल पेर्खिन हे १९०३ पर्यंत आणि त्यांच्यानंतर हेन्रिक विगस्ट्रॉम हे प्रमुख कारागीर होते.

मीनाकारी हा या कामातील सर्वांत जोखमीचा भाग होता. धातूच्या पृष्ठभागावर प्रथम यंत्राने लाटांसारख्या किंवा किरणांसारख्या बारीक रेषा कोरल्या जात. त्यावर रंगीत काचेच्या पुडीचा थर देऊन तो सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत भाजला जाई. असे पारदर्शक थर एकावर एक चढवल्यावर खालचे कोरीवकाम आतून उजळून दिसे. भाजताना एखाद्या थराला तडा गेला, तर आधीची मेहनत वाया जाण्याची भीती असे. सोन्यात तांबे मिसळून तांबूस, तर चांदी मिसळून हिरवट छटा आणली जाई.

'राज्याभिषेक अंड्या'तील (१८९७) दहा सेंटिमीटरपेक्षाही लहान सोन्याची बग्गी घडवण्यास गेऑर्ग श्टाइन यांना सुमारे १५ महिने लागले. आल्मा पील यांना 'हिवाळी अंड्या'ची (१९१३) कल्पना खिडकीच्या काचेवर गोठलेल्या हिमकणांवरून सुचली. हे अंडे स्फटिक, प्लॅटिनम व हिरे यांचे असून आत पांढऱ्या फुलांची परडी आहे.

क्रांतीनंतर

१९१७ च्या क्रांतीनंतर राजघराण्याची मालमत्ता जप्त झाली व पेढीचे राष्ट्रीयीकरण झाले. फाबेर्जे यांनी देश सोडला. १९२० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. परकीय चलनासाठी सोव्हिएत सरकारने अनेक अंडी परदेशात विकली. सध्या दहा शाही अंडी मॉस्कोच्या क्रेमलिन शस्त्रागार संग्रहालयात, तर नऊ सेंट पीटर्सबर्गच्या फाबेर्जे संग्रहालयात आहेत. काही अंडी अद्याप बेपत्ता आहेत. १८८७ चे अंडे अमेरिकेत एका भंगार व्यापाऱ्याने वितळवण्यासाठी विकत घेतले होते. सोन्याला मनाजोगता भाव न मिळाल्याने ते वाचले आणि ओळख पटल्यावर २०१४ मध्ये लंडन येथे प्रदर्शित झाले.