फ्रेंच भाषेची परीक्षा : श्रुतलेखनापासून नागरिकत्वापर्यंत

परकी भाषा शिकणाऱ्याला ती 'येते' असे केव्हा म्हणावयाचे, हा प्रश्न प्रत्येक भाषाशिक्षकाला पडतो. फ्रेंचच्या बाबतीत त्याचे उत्तर गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. दर वेळी बदल अध्यापनशास्त्राच्या नावाने झाला, पण त्यामागे राज्यसत्तेची गरजही होतीच. १८८३ साली पॅरिसमध्ये आलियाँस फ्राँसेज ही संस्था स्थापन झाली. तिच्या मूळ नावातच वसाहतींत आणि परदेशांत फ्रेंच भाषेचा प्रसार हा उद्देश नमूद होता. तिच्या संस्थापकांत पॉल कांबाँ होते आणि ते त्या वेळी ट्युनिसमध्ये फ्रान्सचे प्रतिनिधी होते. ट्युनिशिया नुकताच फ्रेंच संरक्षणाखाली आला होता. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्या काळची फ्रेंच शालेय परंपरा भाषा जोखत असे ती श्रुतलेखन, व्याकरण आणि भाषांतर यांवर. यांत श्रुतलेखनाचे महत्त्व विशेष. 'इल पार्ल' या एकाच उच्चाराचे 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' असे दोन्ही अर्थ होतात. लिहिताना मात्र सर्वनाम आणि क्रियापद या दोहोंना अनुच्चारित अक्षरे जोडावी लागतात. त्यामुळे श्रुतलेखन ही कानाची परीक्षा वाटली तरी प्रत्यक्षात ती व्याकरणाची परीक्षा असते. उर्दूच्या अध्यापकांना हे समजावून सांगावयास नको. से, सीन आणि स्वाद यांचा उच्चार एकच असल्याने इमल्याच्या तासाला विद्यार्थ्याची जी तारांबळ उडते, तीच ही. अशा परीक्षेत उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी बाजारात मुका ठरू शकतो. उलट बंदरावर अस्खलित बोलणारा हमाल नापास होतो.

हे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर पालटले. इंग्रजीच्या जगभरच्या प्रसारापुढे, विशेषतः 'बेसिक इंग्लिश'च्या आठ-साडेआठशे शब्दांच्या योजनेपुढे, फ्रेंचचे काय होणार ही चिंता फ्रान्सच्या शिक्षण खात्याला होती. १९५० नंतरच्या काही वर्षांत जॉर्ज गुगेनहाइम यांच्या नेतृत्वाखाली बोलीच्या फ्रेंचची पाहणी झाली. ध्वनिमुद्रण यंत्र तेव्हा नवे होते. संशोधकांनी २७५ व्यक्तींची बोलणी १६३ ध्वनिमुद्रणांत टिपली आणि त्यांतील ३,१२,१३५ शब्द मोजले. मोजणीतून एक विलक्षण अडचण निघाली. जेवणाच्या टेबलावरचा काटा प्रत्येक फ्रेंच माणसाला ठाऊक असतो, पण संभाषणात त्याचे नाव क्वचितच येते. केवळ वारंवारतेवर विसंबले तर असे शब्द यादीतून गळणार. मग शाळकरी मुलांना शरीराचे अवयव, कपडे, घर, खाणेपिणे असे सोळा विषय देऊन प्रत्येकी वीस शब्द लिहावयास सांगितले. बोलताना न येणारे पण गरज पडताच आठवणारे हे शब्द रने मिशेआ यांनी 'उपलब्ध शब्द' म्हणून वेगळे ओळखले. १९५४ मध्ये पहिल्या पायरीची यादी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे १,४७५ शब्द होते.

यादीवर टीकाही झडली. भाषाशास्त्रज्ञ मार्सेल कोएन यांनी १९५५ मध्ये तिच्याविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली. फ्रेंच भाषेला कात्री लावून वसाहतींतील लोकांच्या हाती अर्धी-मुर्धी भाषा देण्याचा हा डाव आहे, असा संशय घेतला गेला. संशय सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तरीही या यादीने एक मोठे काम केले: शिकणाऱ्याने काय जाणावे याचा मापदंड तिने पुस्तकी भाषेकडून काढून बोलणाऱ्या माणसांकडे नेला.

यापुढचा टप्पा युरोप परिषदेचा. १९७६ साली दानिएल कोस्त आणि सहकाऱ्यांनी फ्रेंचची 'उंबरठा पातळी' मांडली. शब्द किती येतात याऐवजी विनंती करणे, नकार देणे, माफी मागणे ही भाषिक कृत्ये जमतात का, हा प्रश्न तीत पुढे आला. १९८५ मध्ये फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी डेल्फ आणि डाल्फ या पदविका सुरू केल्या. त्या घटकांत विभागलेल्या होत्या आणि घटकांनाही ए-१, ए-२, बी-१ अशीच नावे होती. २००५ मध्ये याच पदविका युरोपीय सहा पातळ्यांना जोडल्या गेल्या आणि जुनीच अक्षरे नव्या अर्थाने वापरात आली. जुने प्रमाणपत्र हाती आले की वर्ष पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या युरोपीय चौकटीविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तिची मोजपट्टी भाषाशास्त्राच्या सिद्धान्तातून उतरलेली नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये ब्रायन नॉर्थ आणि ग्युंटर श्नायडर यांनी जवळजवळ ३०० शिक्षकांकडून सुमारे २,८०० विद्यार्थ्यांविषयीची मते गोळा केली आणि त्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करून वर्णने क्रमाने लावली. म्हणजे मुळाशी आहे तो शिक्षकांचा अनुभवी अंदाजच.

डेल्फच्या प्रत्येक पातळीत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ असे एकूण १०० गुण असतात. उत्तीर्ण होण्यास ५० लागतात आणि कोणत्याही एका भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. पॅरिसमध्ये १८२८ पासून हिंदुस्थानी शिकवणारे गार्सां द तासी कधीही हिंदुस्थानात आले नाहीत. उर्दूच्या अशा परीक्षेत तोंडी भागात त्यांचे काय झाले असते, हा प्रश्न मनात येतो. आणि तरी उर्दू साहित्याचा इतिहास लिहिताना त्यांना टाळता येत नाही. एका माणसाचे भाषाज्ञान चारही अंगांनी सारखे असते, हे गृहीतकच नाजूक आहे.

शिक्षणाची ही मोजपट्टी पुढे दुसऱ्याच कामाला लागली. फ्रेंच नागरिकत्व मागणाऱ्याचे भाषाज्ञान पूर्वी प्रशासकीय अधिकारी मुलाखतीत अजमावीत. त्यात मनमानीला वाव होता, हे मान्य केले पाहिजे. २०१२ पासून तोंडी बी-१ पातळीचा पुरावा आवश्यक झाला आणि २०२० पासून लेखीही. २०१४ मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेनेच अशा चाचण्या सामावून घेण्यास मदत करतात की अडथळा आणतात, असा प्रश्न विचारला. फ्रान्सने मात्र पट्टी आणखी वर नेली. जानेवारी २०२४ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून बहुवर्षीय निवास परवान्यासाठी ए-२, दहा वर्षांच्या परवान्यासाठी बी-१ आणि नागरिकत्वासाठी बी-२ अशा अटी लागू झाल्या.

नागरिकत्व मिळवणाऱ्यांत मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशिया येथून आलेल्यांचे प्रमाण दीर्घकाळ मोठे राहिले आहे. त्यांतील अनेकांच्या आजोबांना फ्रेंच शिकवण्याची जबाबदारी एकेकाळी फ्रान्सने स्वतःहून घेतली होती. बी-२ ही पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याकडून विद्यापीठे सामान्यतः मागतात ती पातळी. डेल्फ बी-२ च्या लेखी भागात एखाद्या प्रश्नावर आपली बाजू मांडणारा किमान २५० शब्दांचा मुद्देसूद मजकूर लिहावा लागतो. वीस वर्षे उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या, मालकाशी, शेजाऱ्यांशी आणि मुलांच्या शिक्षकांशी रोज फ्रेंच बोलणाऱ्या माणसालाही आता हाच मजकूर लिहावा लागतो.