तलाव-नदीतला मोठा कटला : ओळख, हंगाम आणि गळाची पद्धत

कटला हा गोड्या पाण्यातला कार्प कुळातला मासा. तेलुगूत त्याला बोच्चे म्हणतात. युरोपात तळ्यानद्यांतला मोठा ब्रीम गळाने धरण्याचा शौक जुना आहे. आपल्या आदिलाबाद भागात ती जागा कटल्याची आहे. जैनथ, बेला, तांसी, भीमपूर या पट्ट्यातल्या आपल्या समाजात गळ टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आणि नव्याने शिकणाऱ्या तरुणांसाठी ही माहिती एकत्र केली आहे.

ओळख

बाजारात कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे शेजारी शेजारी असतात. कटल्याचे डोके अंगाच्या मानाने फार मोठे, तोंड वरच्या बाजूला वळलेले आणि मिशा नाहीत. रोहूचे डोके लहान, ओठ झालरीसारखे आणि खवल्यांवर तांबूस झाक. मृगळ सडपातळ आणि चंदेरी.

तोंडाच्या ठेवणीवरून मासा कुठे चरतो ते कळते. कटला पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणूनच तलावात तिन्हींचे बीज एकत्र सोडतात. चांगल्या तलावात कटला वर्षभरात किलोभर होतो. मोठ्या जलाशयात २० किलोच्या पुढे गेलेलेही मिळतात.

आपल्याकडची पाणी

आदिलाबाद जिल्ह्यात सातनाला आणि मत्तडीवागू हे दोन जलाशय आहेत. दोन्हींचे पाणी शेवटी पैनगंगेला जाते. पैनगंगा ही आपली आणि महाराष्ट्राची हद्द. पुढे ती वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. २०१६ साली जिल्ह्याचे चार भाग झाले, तेव्हा कडेमचा जलाशय निर्मल जिल्ह्यात गेला. श्रीरामसागरचा विस्तीर्ण जलाशयही त्याच बाजूला, निर्मल-निजामाबादच्या हद्दीवर आहे.

तलाव-जलाशयातील मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. इकडे बेस्त (गंगपुत्र) आणि मुदिराज, तर पैनगंगेपलीकडे भोई आणि ढीवर ही या धंद्यातली जुनी मंडळी. हौसेसाठी गळ टाकणाऱ्यानेही आधी संस्थेला विचारावे. बीजाचा आणि राखणीचा खर्च त्यांचा असतो. कवल व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय गळ टाकू नये.

हंगाम

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जलाशय भरलेले असतात आणि मासा विखुरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे तेलंगणातली कडक थंडी पडते. तेव्हा मासा खोल जातो आणि कमी खातो. फेब्रुवारी ते एप्रिल हा सर्वांत चांगला काळ. पाणी उतरते, ऊब येते आणि कटला पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास वर येऊन लोळतो. पाण्यावर मोठा गोल तरंग उठला, की तिथे मासा आहे असे समजावे.

चारा आणि साधने

मोठा कटला एका दिवसात मिळत नाही. जागा ठरवून तीन-चार दिवस रोज ठरलेल्या वेळी थोडा चारा टाकावा. आपला जिल्हा कापसाचा, त्यामुळे सरकीची पेंड सहज मिळते. ती भिजवून तांदळाच्या कोंड्यात कालवली की चांगला चारा होतो. शेंगदाण्याची पेंडही चालते. गळाला मात्र कणकेची घट्ट गोळी लावावी. हाताला साबणाचा किंवा तंबाखूचा वास नसावा.

कटला वरच्या थरातला असल्याने आमिष तळाला बसू देऊ नये. तरंगता तुकडा लावून ते पाण्याच्या मध्यात किंवा त्याहून वर ठेवावे. दोरी १० ते १२ किलो ओढ सोसणारी असावी. सोबत दांड्याचे जाळे हवेच, कारण मोठा मासा दोरीने उचलायला गेले की काठावरच सुटतो.

मासा लागल्यावर घाई करू नये. पहिल्या धावेला रिळाची दोरी सुटू द्यावी, पण ढिली पडू देऊ नये. काठी उभी ठेवावी. दोन-तीन धावांनंतर मासा कुशीवर येतो, तेव्हा जाळे खालून घालावे. धरणाच्या दरवाजांखाली कधीही उभे राहू नये. वरच्या पावसाने पाणी अचानक सुटते.

तलावातला मासा आणि नदीतला मासा

कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. पावसाळ्यात नदीला पूर आला की मोठ्या माद्या प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि उथळ, पसरलेल्या पाण्यात अंडी सोडतात. एका मोठ्या मादीची अंडी लाखांच्या घरात असतात आणि ती साधारण १५ ते २० तासांत फुटतात. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन करून दाखवले. त्यानंतर तलावांसाठी बीज केंद्रांतून मिळू लागले. तेलंगणात २०१६ पासून शासन मोफत बीज देते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर तलावातला मासा म्हणजे दरवर्षी भरलेली ठेव आहे. मुदत झाली की काढावी, पुन्हा भरता येते. नदीतली मोठी मादी मात्र मुद्दल आहे.

हे मुद्दल दोन वेळा फार सोपेपणाने हाती लागते. मे महिन्यात पैनगंगा आटते आणि सगळा मासा डोहांत गोळा होतो. मग जून-जुलैच्या पहिल्या पुरात पोटुशा माद्या ओढ्याच्या उथळ पाण्यात चढतात आणि लोक त्यांना काठीने, भाल्याने मारतात. मृग लागला की मासा खाण्याची इकडे प्रथा आहे, त्यामुळे मागणीही याच दिवसांत वाढते. डोह मे महिन्यात रिकामा केला, तर जुलैत वर चढायला कोणी उरत नाही.

इंग्लंडमध्ये ब्रीमसारख्या माशांसाठी १५ मार्च ते १४ जून नद्यांवर गळ टाकण्यास बंदी असते, पण बहुतेक तळ्यांना ती लागू नाही. तिथेही नदी आणि तळे यांत हाच फरक केला आहे.

पाळावयाच्या गोष्टी

• मृगाचा मासा तलावातला घ्यावा. विक्रेत्याला विचारले की तो सांगतो.
• मे ते ऑगस्ट नदीत आणि ओढ्यात कटला धरू नये. लागलाच तर ओल्या हाताने धरून लगेच सोडावा.
• एका डोहातला सगळा मासा काढू नये.
• सुरुंग किंवा विषारी पावडर वापरू नये. कायद्यानेही तो गुन्हा आहे, आणि त्यात पिल्लेसुद्धा मरतात.
• बारीक आसाचे जाळे नदीत लावू नये.

परवाना, हंगामी बंदी आणि जाळ्याच्या आसाबाबत चालू वर्षाचे आदेश जिल्हा मत्स्य कार्यालयात पाहायला मिळतात. गळ घेऊन निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत.