हलगी, पेटी आणि सोडून देणं

आमच्या घरात दोन वाद्यांच्या गोष्टी सांगितल्या जात. एक पणजोबांच्या हलगीची, दुसरी आजोबांच्या पेटीची. हलगी घरातून का गेली, यावर थोरल्यांचं कधी एकमत झालं नाही. पेटी गेल्यावरही बरीच वर्षं घरातच होती, असं आजी म्हणायची.

पणजोबांचं गाव राहुरी-नेवाशाच्या पट्ट्यातलं. घर मांगवाड्यात. दोर वळायचे आणि गावापुढे वाजवायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची कामं. लग्न, जत्रा, पोळा, मयत, काही असलं तरी हलगी हवीच. बदल्यात सुगीला खळ्यावरून बलुतं मिळे. जाळावर शेकून कातडं ताणलं की पणजोबांच्या हलगीचा आवाज पलीकडच्या शिवारात ऐकू जाई, अशी त्यांची ख्याती. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि हलगी सुटली.

इथून गोष्टीला दोन फाटे फुटतात. आजी सांगायची, की मिशनच्या साहेबांनी बजावलं होतं, जे वाद्य देवापुढे वाजलं ते ख्रिस्ती माणसाच्या घरात नको. म्हणून मामंजींनी बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री हलगी चुलीत घातली आणि रात्रभर कुणाशी बोलले नाहीत. धाकट्या आजोबांना हे अजिबात मान्य नव्हतं. ते म्हणत, "साहेबाचा काय संबंध? बाबांनी स्वतःच्या हातानं कातडं फाडलं. पाटलाचा सांगावा आला की जेवत्या ताटावरून उठून जावं लागायचं. लग्नात उन्हात उभं राहून वाजवायचं आणि जेवण मात्र सगळ्यांच्या शेवटी, लांब बसून. ते कशाला रडतील हलगीसाठी?" हलगीचं लाकडी कडं मात्र राहिलं होतं, यावर दोघांचं एकमत. पणजीनं त्याला जाळी बसवून धान्याची चाळण केली. पुढच्या पोळ्याला पाटलाचा माणूस बोलवायला आला तेव्हा पणजोबांनी नाही म्हणून सांगितलं. त्या वर्षी बलुतं बंद झालं.

लहानपणी मला आजीची गोष्ट आवडायची, कारण तिच्यात त्याग होता. मोठेपणी धाकट्या आजोबांची खरी वाटू लागली. आज दोन्ही खऱ्या वाटतात. जी हलगी गळ्यात जू होऊन पडली होती तीच त्या माणसाची एकमेव कला होती. जू फेकताना कलाही गेली. तिच्याविषयी त्यांना काय वाटलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मिशनच्या अहवालांत मूर्तिपूजा सोडल्याच्या नोंदी होत, एका वाजवणाऱ्याचे हात रिकामे झाल्याची नोंद कोण ठेवणार?

उपासनेत वाद्य असावं की नसावं, हा वाद ख्रिस्ती जगाला नवा नाही. झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः कितीतरी वाद्यं वाजवणारा जाणकार. पण त्याच्याच काळात शहरातल्या चर्चमधले ऑर्गन मुके झाले आणि १५२७ मध्ये तिथल्या मुख्य चर्चचा ऑर्गन मोडून काढण्यात आला. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनच्या फर्मानानं ख्रिस्ती लग्नांतल्या देशी वाद्यांवर बंदी आणली. तरीही गोव्याच्या ख्रिस्ती घरांत मांडो गीतांबरोबर घुमट वाजतच राहिलं, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारनं त्याला राज्याचं वारसा-वाद्य म्हणून जाहीर केलं.

आमच्या नगरशी थेट नातं सांगणारी गोष्ट बॉस्टनची आहे. १७१३ मध्ये टॉमस ब्रॅटल नावाचा तिथला एक धनिक वारला. आपला लाडका ऑर्गन त्यानं मृत्युपत्रात ब्रॅटल स्ट्रीट चर्चच्या नावे केला होता. उपासनेत वाद्य नको म्हणून त्या मंडळीनं तो नाकारला, आणि तो अँग्लिकनांच्या किंग्ज चॅपलमध्ये गेला. बरोबर शंभर वर्षांनी, १८१३ मध्ये, त्याच काँग्रिगेशनल परंपरेतले अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले. १८३१ मध्ये ते नगरला आले. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यांच्या मंडळ्यांनी ऑर्गन जवळ केला, आणि आमच्याकडे पायपेटी आली ती उपासनेचं वाद्य म्हणूनच. ज्या पूर्वजांना ऑर्गन खपत नव्हता, त्यांच्या वारसांना आता हलगी खपेना. दोन्ही वेळी पारखलं गेलं ते वाद्य. वाजवणाऱ्याच्या मनात काय आहे, हे पाहायला सवड नव्हती.

आपल्या माणसांनी मात्र हळूहळू वाट काढली. नगरचे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करत, म्हणजे येशूचं चरित्र थेट आपल्या मातीतल्या घाटात आलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, ओवी, टाळ-मृदंग यांना चर्चचं दार उघडून दिलं. इंग्रजी चालींवर बेतलेल्या मराठी शब्दांनी आपल्या माणसाचं काळीज हलणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. 'उपासना संगीत' या आमच्या गीतसंग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा फार मोठा. हेच टिळक १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यस्त झाले. त्यांच्या हाताला वस्तू कशी टिकत नसे, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त सापडतं, आणि त्या देण्याघेण्यात संसार करणाऱ्या बाईची काय तारांबळ उडे, तेही. सोडणाऱ्याची गोष्ट घरच्या माणसानं लिहिली, तरच ती पुरी होते.

आमच्याही घरात ती आजीनंच पुरी केली. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. पगारातून पैसा पैसा बाजूला टाकून त्यांनी हातपेटी घेतली होती. तिला मखमली अभ्रा, कपाटात वेगळा कप्पा. पावसाळ्यात तिच्या कप्प्यात कापराच्या वड्या पडत, मुलांच्या कपड्यांत नाही, असं आजी ऐकवायची. रविवारी उपासनेला पेटी आजोबांच्याच हातून जाई आणि त्यांच्याच हातून परत येई. गावात बाजा वाजवणाऱ्याचा मुलगा चर्चमध्ये पेटीवर बसतो, मंडळी त्याच्या सुरात गाते, याचं मोल त्यांना होतं. तो अभिमान पोकळ नव्हता.

मग तो रविवार आला. पाळकसाहेब दौऱ्यावर होते, म्हणून उपदेशाला आजोबा उभे राहिले. वचन होतं त्या श्रीमंत तरुणाचं, ज्याला येशूनं असेल ते विकून गरिबांना द्यायला सांगितलं आणि जो खिन्न होऊन निघून गेला. आजोबा रंगात आले होते. तेवढ्यात पुढच्या चटईवरच्या एका पोरानं हळूच पेटीची पट्टी दाबली. "हात काढ!" आजोबा गरजले. पोरगं रडायला लागलं. बायकांच्या बाजूला कुणीतरी हसलं. आजी शपथेवर सांगायची, की ती हसली नव्हती.

उपदेश तिथंच आटोपला. आठवडाभर आजोबा गप्प होते. पुढच्या नाताळाआधी त्यांनी पेटी नदीपलीकडच्या एका मंडळीला देऊन टाकली. तिथे नुसत्या टाळांवर भजन चाले. घरात सगळ्यांना वाटलं, मास्तरांनी मोठा त्याग केला.

आजीला तसं वाटलं नाही. कारण पेटी गेली तरी मास्तरांचा जीव तिच्यातच होता. ते दर महिन्याला सायकल हाणत तिकडे जायचे. भाता तपासायचे, अभ्रा कुठंय म्हणून विचारायचे, ओल्या भिंतीला पेटी टेकवली म्हणून रागवायचे. तिथले लोक बिचारे मास्तर येणार म्हटलं की पेटी पुसून ठेवत आणि ते जाईपर्यंत तिला हात लावत नसत. शेवटी आजी एकदा म्हणाली, "दिली म्हणता, मग तिची चौकशी कशाला? अजून तुमचीच असेल तर घेऊन या घरी." आजोबांच्या विश्वासाच्या वाटचालीत कुठल्या पाळकाच्या उपदेशानं झालं नसेल एवढं काम त्या वाक्यानं केलं.

त्यानंतर ते तिकडे फार दिवसांनी गेले, ते उपासनेलाच. पेटीवर एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी बसली होती. एक सूर अडकून सारखा बोलत होता आणि मुलगी चुकतमाकत वाजवत होती. आजोबा पुढे गेले नाहीत. मागे चटईवर बसून, तिनं धरलेल्या पट्टीतच गायले. परत आल्यावर आजीनं पेटी कशी आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बेसूर आहे, पण चांगली चालली आहे."

आमच्या घरातल्या दोन्ही गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. आसक्ती सोडावी, ही शिकवण खरी आहे. येशूचा सवाल आपण कशाला धरून बसलो आहोत, हा आहे आणि पेटीलाही तो लागू पडतो. पण हा सवाल ज्याचा त्यानं स्वतःला विचारायचा असतो. आजोबांनी तो स्वतःला विचारला, उशिरा का होईना, म्हणून त्यांचं देणं देणं ठरलं. पणजोबांच्या हलगीचा निवाडा दुसऱ्यांनी केला असेल, तर त्याला त्याग म्हणता येणार नाही. त्यांनी तो स्वतः केला असेल, तर ती आसक्तीतून नव्हे, गावकीतून सुटका होती. तिला भक्तीचं नाव देऊन आपण त्यांचं धाडस झाकतो. रोमन कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये लोकांच्या स्वतःच्या संगीताला उपासनेत मान दिला. हलगीलाही आता कुणी चुलीत घालायला सांगणार नाही. वाजवणाऱ्याला मान देणं मात्र अजून बरंच बाकी आहे.

आता एक विनंती. अनेक ख्रिस्ती घरांत आजोबांची पेटी, मामाचं व्हायोलिन, कुणाचा तबला आठवण म्हणून कपाटावर चढवून ठेवलेला असतो. पेटी वाजवली नाही की भात्याचं कातडं कडक होतं, सुरांची पितळी पाती काळवंडतात, आणि काही वर्षांनी ती दुरुस्तीपलीकडे जाऊ शकते. तिची आठवण तुमच्याकडे राहीलच. वाद्य मात्र वाजवणाऱ्या मुलाच्या हाती द्या, आणि दिल्यावर त्याची चौकशी करायला जाऊ नका.