हरकती व सूचना : नाशिकच्या नकाशातला नागरिक

महापालिकेच्या जाहीर निवेदनांत ‘हरकती व सूचना’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यातला क्रम कुणाच्या लक्षात येत नाही. आधी हरकत, मग सूचना. नकाशावर रेषा ओढून झाली की नागरिकाला बोलावायचे, ही आपल्या नगररचनेची रीत त्या क्रमात उतरली आहे.

मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा 1915 चा. आज चालतो तो 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्यानुसार जमीनवापराची पाहणी होते, प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती येतात, नियोजन समिती त्या ऐकते आणि शेवटी शासन मंजुरी देते. हरकत कुणालाही घेता येते. प्रत्यक्षात मात्र सुनावणीला येतो तो प्रामुख्याने सातबाऱ्यावर नाव असलेला. भाडेकरू, फेरीवाला, झोपडीतले कुटुंब यांच्या नावावर गट क्रमांकच नसतो, मग आरक्षणाविरुद्ध अर्ज तरी कशाच्या आधारावर करायचा?

नाशिकमध्ये सातबाऱ्याचा प्रश्न आणखी टोकदार झाला. 1982 साली महापालिका झाली तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिकांबरोबर भोवतालची वीसहून अधिक खेडी शहरात आली. मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळ, पाथर्डी ही नावे शेतीची होती. ती एका रात्रीत नगररचनेच्या नकाशावरची झाली, आणि मळ्यावर शाळा, उद्यान किंवा रस्त्याचे आरक्षण पडू शकते हे शेतकऱ्याला तेव्हापासून कळू लागले. आरक्षण पडले तरी जमीन लगेच घेतली जात नाही. दहा वर्षे थांबून मालकाने खरेदीची नोटीस द्यायची, अशी तरतूद कायद्यात आहे. दहा वर्षांत एका घरातली मुले हाताशी येतात, वाटण्या होतात. नकाशा मात्र तसाच.

म्हणूनच 2013 च्या प्रारूप आराखड्यावर शेतकरी उसळले. महासभेने तो नाकारला, शासनाने दुसऱ्यांदा आराखडा करवून घेतला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2017 मध्ये मंजूर. हा विरोध निव्वळ स्वार्थाचा होता असे म्हणणारे तेव्हाही होते. स्वार्थ होताच. पण आपल्या जमिनीचे काय होणार हे आधी विचारले असते तर तो स्वार्थ टेबलावर आला असता, रस्त्यावर नव्हे. पुढे स्मार्ट सिटीच्या नावाने मखमलाबाद-हनुमानवाडी परिसरात नगररचना योजना आली तेव्हा तोच वाद पुन्हा उभा राहिला. काही शेतकरी तयार झाले, काहींनी ठाम नकार दिला.

नदीच्या बाबतीत तर नागरिकाजवळ नुसती तक्रार नव्हती, मोजमाप होते. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पूरपट्टी. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, यावर बाजारपेठेतले दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. सप्टेंबर 2008 च्या महापुरानंतर पाटबंधारे खात्याने पूररेषा आखल्या. निळी पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल शंभर वर्षांच्या. या रेषा शास्त्रीय आहेत, हव्याच. पण पाणी कोणत्या बोळातून आधी शिरते हे काठावरच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते, आणि रेषांच्या आखणीत त्यांच्यासाठी रकाना नसतो. रामकुंड परिसरातली जुनी कुंडे 2003 च्या सिंहस्थाच्या तयारीत काँक्रीटखाली गेली; ते काँक्रीट काढावे म्हणून गोदाप्रेमींना पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागली.

याच शहरात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. अर्जांनी दार उघडत नसेल तर दारात बसायचे, हा धडा डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहींनी दिला तो नगररचनेच्या पुस्तकात नाही, पण शहर कुणाचे हा प्रश्न त्यातही तोच होता.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि 2027 च्या सिंहस्थाची तयारी प्रशासकांच्या कारभारात सुरू झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये तपोवनातली सुमारे 1,800 झाडे साधुग्रामासाठी काढण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि नाशिककर झाडांखाली जमले. हरकती मागवल्या गेल्या त्या झाडांबद्दल. साधुग्राम त्याच जागी का, हे विचारायला त्या अर्जात जागा नव्हती; ते ठरले होते आधीच, आराखड्याच्या आरक्षणात.