जुनी पेन्शन वाद, कोल्हापूर

१ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन, बंद झाली. ती परत मिळावी म्हणून १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर संप झाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही त्याची घोषणा. कोल्हापुरात संप चालू असतानाच जुन्या पेन्शनच्या विरोधात तरुणांचा मोर्चा निघाला. असा उलटा मोर्चा विरळाच.

मोर्चातल्या तरुणांची चीड समजण्याजोगी होती, रोख मात्र चुकला. खासगी फाउंड्रीतल्या कामगाराची पेन्शन काही संपावरच्या शिक्षकाने खाल्लेली नव्हती. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याला ‘ईपीएस-९५’ या कर्मचारी पेन्शन योजनेखाली किमान निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये, तेही महागाई भत्त्याविना. हा आकडा २०१४ मध्ये ठरला.