रेल्वे स्थानकांवरील नामफलक व दृश्य संकेत (छत्रपती संभाजीनगर)

रेल्वे स्थानकाचे नाव, फलाटांचे क्रमांक, प्रवेश व निर्गमनाच्या दिशा, तिकीट खिडकी, प्रतीक्षालय, पिण्याचे पाणी इ. सोयी प्रवाशांस कळविण्यासाठी उभारलेले फलक, चित्रचिन्हे, बोधचिन्हे व रंगयोजना यांचा या संज्ञेत समावेश होतो. त्यांचे पहिले कार्य मार्गदर्शनाचे असले, तरी त्यांवरून शासनाची भाषानीती, समाजातील भेदाभेद आणि शहराची मान्य झालेली ओळख यांचाही बोध होतो. मराठवाड्याचे प्रमुख शहर छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील स्थानकाचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या स्थानकाच्या प्रशासनात, लोहमार्गाच्या मापात, परिसराच्या राजभाषेत आणि अखेरीस नावातही बदल झाले, आणि या बदलांचा संबंध तेथील फलकांशीही येतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : हैदराबाद संस्थानात सहावे निजाम मीर महबूब अली खान (कार. १८६९–१९११) यांच्या कारकीर्दीत हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे हा मीटरमापी लोहमार्ग बांधण्यात आला. त्यावरील औरंगाबाद स्थानक १९०० मध्ये सुरू झाले. हा मार्ग मनमाड येथे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या रुंदमापी मार्गास मिळत असे. मापे भिन्न असल्यामुळे मुंबईकडे जाणाऱ्या प्रवाशास मनमाडला उतरून दुसऱ्या गाडीत बसावे लागे. अशा ठिकाणी फलक वाचता येणे वा न येणे, यावर गाडी मिळणे वा चुकणे अवलंबून राही. ज्यांना अक्षरओळख नव्हती, असा बहुसंख्य प्रवासीवर्ग सहप्रवासी, हमाल व फलाटावरील पुकारा यांवरच विसंबून असे.

निजामाची हमीदार रेल्वे १९३० मध्ये संस्थानच्या मालकीची झाली. भारतात संस्थानच्या विलीनीकरणानंतर ती १९५० मध्ये केंद्र शासनाकडे आली. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत समाविष्ट झाली आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेच्या स्थापनेनंतर हा मार्ग त्या विभागाकडे गेला. २००३ पासून स्थानक नांदेड मंडलात आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मनमाडकडून येणाऱ्या मार्गाचे रुंदमापीत रूपांतर झाले व मुंबईशी थेट दळणवळण सुरू झाले. मनमाडला गाडी बदलण्याची अडचण त्यामुळे दूर झाली.

लिपी व भाषा : हैदराबाद संस्थानात १८८४ पासून फार्सीऐवजी उर्दू ही राजभाषा होती. प्रजेच्या प्रमुख भाषा मात्र तेलुगू, मराठी व कन्नड या होत्या. संस्थानच्या कागदी चलनावर उर्दूबरोबर या भाषांतील मजकूरही छापला जात असे, यावरून बहुभाषिकतेची प्रशासकीय गरज तेथे मान्य झाल्याचे दिसते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. परिणामतः मराठी ही येथील राज्यकारभाराची भाषा झाली.

भारतीय रेल्वेच्या नामफलकांवर प्रथम प्रादेशिक भाषा, नंतर हिंदी व शेवटी इंग्रजी असा सर्वसाधारण क्रम असतो. काही स्थानकांवर उर्दू वा अन्य स्थानिक भाषेचीही भर असते. मराठी व हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जात असल्यामुळे महाराष्ट्रात एक वेगळी स्थिती उद्‌भवते. ‘औरंगाबाद’ हे नाव दोन्ही भाषांत सारखेच लिहिले जाते. त्यामुळे देवनागरीतील एकच ओळ दोन्ही भाषांना पुरेशी ठरू शकते. ‘छत्रपती’ या शब्दाबाबत तसे नाही. मराठीच्या लेखननियमांनुसार शब्दाच्या अखेरचा इकार दीर्घ लिहितात, तर हिंदीत संस्कृतप्रमाणे ‘छत्रपति’ असे ऱ्हस्व रूप रूढ आहे. एका वेलांटीच्या फरकाने येथे दोन भाषा वेगळ्या होतात. मुंबई येथील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या स्थानकाच्या नावातही हाच भेद आढळतो. अशा फलकांवर मराठी रूप वगळून केवळ हिंदी रूप लिहिले गेले, तर मराठी वाचकास ते अशुद्धलेखन वाटते. वस्तुतः तो भाषानिवडीचा प्रश्न असतो.

फलकांची रचना : स्थानकाचे मोठे नामफलक सामान्यतः फलाटाच्या दोन्ही टोकांस, येणाऱ्या गाडीतून दिसतील अशा रीतीने उभारतात. पिवळ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ही त्यांची सर्वपरिचित योजना होय. पिवळा रंग मंद प्रकाशात व धुक्यात लांबून उठून दिसतो आणि त्यावर काळ्या अक्षरांचा विरोध तीव्र भासतो. म्हणून धावत्या गाडीतून वाचण्यास ही जोडी सोयीची ठरते. फलकाच्या खालच्या भागात स्थानकाची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये दिलेली असते. या नोंदीचा संबंध लोहमार्गाच्या आखणीशी व दोन स्थानकांमधील चढउताराशी आहे. सामान्य प्रवाशास तिचा उपयोग नसला, तरी फलक हा मुळात चालक व अभियंते यांच्यासाठीही होता, याची ती खूण आहे.

देवनागरी अक्षरांची उंची ठरविताना शिरोरेषेवरील व अक्षराखालील मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे यांसाठी जादा जागा सोडावी लागते. त्यामुळे समान उंचीच्या पट्टीत रोमन अक्षरे मोठी व देवनागरी अक्षरे लहान दिसण्याचा संभव असतो. नाव लांब असल्यास ही अडचण वाढते. ‘औरंगाबाद’ या एका शब्दाच्या जागी ‘छत्रपती संभाजीनगर’ हे दोन शब्द लिहिताना फलकाची लांबी वाढवावी लागते किंवा अक्षरांचा आकार कमी करावा लागतो. अक्षरांचा आकार कमी झाल्यास वाचनाचे अंतरही त्या प्रमाणात घटते.

सामाजिक आशय : ब्रिटिश अमदानीत भारतातील अनेक स्थानकांवर हिंदू व मुसलमान यांच्यासाठी पिण्याच्या पाण्याची वेगवेगळी सोय असे व तसे फलकही लावलेले असत. प्रतीक्षालये व उपाहारगृहे यांवरील पाट्यांतून वर्गभेद व वर्णभेद दिसून येई. स्वातंत्र्यानंतर पाण्यावरील धार्मिक भेदाच्या पाट्या नाहीशा झाल्या. तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाल्यावर त्या नावाच्या पाट्याही गेल्या. स्थानकावरील पाटी सार्वजनिक जागेत कोणी कोठे उभे राहावे हेही सांगत असते, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

निरक्षर व परभाषी प्रवाशांसाठी चित्रचिन्हांचे महत्त्व विशेष आहे. मेक्सिको सिटी येथील भुयारी रेल्वेत १९६९ पासून प्रत्येक स्थानकास स्वतंत्र चित्रचिन्ह देण्यात आले. लान्स वायमन या अभिकल्पकाचा त्यात प्रमुख वाटा होता. लंडनच्या भुयारी रेल्वेने त्यापूर्वीच वर्तुळ व आडवी पट्टी हे बोधचिन्ह आणि एडवर्ड जॉन्स्टन (१८७२–१९४४) यांनी १९१६ च्या सुमारास सिद्ध केलेले अक्षरवळण यांच्या साहाय्याने एकसंध दृश्य ओळख निर्माण केली होती. अमेरिकेत १९७४ मध्ये परिवहन खात्यासाठी तयार झालेली चित्रचिन्हे पुढे अनेक देशांत अनुसरली गेली. भारतीय रेल्वेने स्थानकांवरील फलकांत एकरूपता आणण्याच्या हेतूने २०२३ मध्ये प्रमाणित फलकांची पुस्तिका प्रसिद्ध केली. अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी स्पर्शाने कळणाऱ्या पदपट्ट्या व ब्रेल फलक हेही आता या व्यवस्थेचे अंग मानले जाते.

छत्रपती संभाजीनगर हे वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांकडे जाणाऱ्या पर्यटकांचे प्रमुख स्थानक आहे. ही दोन्ही स्थळे १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. परदेशी पर्यटक, परराज्यांतील यात्रेकरू व परिसरातील ग्रामीण प्रवासी अशा तीन भिन्न वर्गांना एकाच फलाटावर मार्गदर्शन करावे लागते. ‘अजिंठा’ व ‘देवगिरी’ या एक्सप्रेस गाड्यांच्या नावांतूनही प्रदेशाची ही ऐतिहासिक ओळख जपली गेली आहे.

नामांतर : शहराच्या नावाचा इतिहास स्थानकाहून पुष्कळ जुना आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले. त्याचा मुलगा फत्तेखान याने त्यास फत्तेनगर असे नाव दिले. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना १६५३ च्या सुमारास औरंगाबाद हे नाव रूढ झाले. औरंगजेबाच्या आज्ञेने १६८९ मध्ये वध झालेल्या छत्रपती संभाजी महाराजांचे नाव शहरास द्यावे, ही मागणी १९८८ पासून राजकीय व्यासपीठावर पुढे आली. १९९५ मध्ये राज्य शासनाने त्या दिशेने काढलेल्या अधिसूचनेस न्यायालयात आव्हान देण्यात आले व पुढे ती मागे घेण्यात आली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नामांतराचा निर्णय घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या संमतीनंतर शहराचे नाव अधिकृतपणे बदलले. या निर्णयाविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळल्या.

शहराचे नाव बदलले, म्हणजे स्थानकाचे नाव आपोआप बदलते असे नाही. त्यासाठी राज्याचा प्रस्ताव, केंद्रीय गृहमंत्रालयाची संमती आणि राज्याची अधिसूचना असे स्वतंत्र टप्पे असतात. त्यामुळे अडीच वर्षांहून अधिक काळ शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर व स्थानकाचे नाव औरंगाबाद अशी स्थिती राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्थानकास छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले आणि ‘एडब्ल्यूबी’ या जुन्या संकेताक्षरांऐवजी ‘सीपीएसएन’ ही संकेताक्षरे लागू झाली. महाराष्ट्रात यापूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस व २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे, तर २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी असे नामांतर झाले. २०२५ मध्ये उस्मानाबाद स्थानकाचे नावही धाराशिव झाले.

संकेताक्षरांचा बदल प्रवाशांच्या दृष्टीने नामफलकाइतकाच महत्त्वाचा असतो. कारण आरक्षण, वेळापत्रक, गाडीतील सूचनापट व मालवाहतुकीची कागदपत्रे यांत स्थानक त्यांवरून ओळखले जाते. फलक एका दिवसात रंगविता येतो. लोकांच्या बोलण्यातील नाव मात्र सावकाश बदलते. मुंबईत नामांतरास पाव शतक उलटून गेल्यावरही ‘व्हीटी’ हा उच्चार ऐकू येतो.

मूल्यमापन : नामांतराच्या समर्थकांना नव्या फलकात ऐतिहासिक अन्यायाचे परिमार्जन दिसते, तर विरोधकांना त्यात शहराच्या संमिश्र वारशातील एक पान पुसले गेल्याची खंत वाटते. खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद व छत्रपती संभाजीनगर ही चारही नावे शहराच्या इतिहासाचा भाग आहेत. परंतु फलकावर त्यांपैकी एकच मावते. ते कोणते असावे, हे राज्यसंस्था ठरविते. ते मराठी वाचकास शुद्ध, परक्यास सुबोध आणि निरक्षरास अन्य चिन्हांच्या आधारे ओळखता येण्याजोगे असावे, ही जबाबदारी मात्र नाव कोणतेही असले तरी रेल्वे प्रशासनावर कायम राहते. रात्रीच्या गाडीने प्रथमच येणाऱ्या प्रवाशास आपण योग्य ठिकाणी उतरत आहोत याची खात्री पटणे, हीच स्थानकावरील फलकाची अंतिम कसोटी होय.